दोन कनेक्शनचे पैसे भरायचे आणि लॅपटॉप मेलेल्या लाइनलाच चिकटणार

डोकं फिरलंय अक्षरशः. घरी फायबर आहे, तिच्या राउटरला लॅपटॉप केबलने जोडलाय, वर फाइव्हजीचा वायफाय राउटर घेतलाय, दर महिन्याला दोन बिलं भरतोय, कशासाठी, तर रस्ता खोदताना कुणी फायबर तोडली तरी काम थांबू नये म्हणून. आणि नेमकी फायबर गेली की लॅपटॉप सगळं ट्रॅफिक त्याच मेलेल्या लाइनवर ढकलत बसतो. वायफायला फुल रेंज, त्याच वायफायवर फोनमध्ये व्हिडिओ धडाधड चालतोय आणि लॅपटॉपवर मीटिंग फ्रीज!

कारण काय तर मेट्रिक, म्हणजे प्रत्येक रस्त्याचा पसंतीचा आकडा. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, त्यात जोडण्या सांभाळणारा नेटवर्क मॅनेजर केबलला १०० देतो, वायफायला ६००, ज्याचा आकडा लहान तो रस्ता पहिला, विषय संपला. आता फायबर तुटते कुठे, बाहेर चौकात. माझ्या टेबलावरचा राउटर चालूच असतो, केबल लागलेली, पोर्टचा हिरवा दिवा लुकलुकतोय, १९२.१६८.१.१ ला, म्हणजे राउटरच्या पत्त्याला, पिंग केलं (जागा आहेस का असं विचारलं) की लगेच उत्तर, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी सगळं आलबेल. अरे पण राउटरच्या पलीकडे इंटरनेट आहे का ते कोण बघणार? त्यासाठी कनेक्टिव्हिटी चेक असतो, तो फेल गेला की त्या लाइनच्या मेट्रिकमध्ये २०,००० मिळवतात, १०० चे २०,१०० होतात आणि मग वायफाय पुढे येतं. ठीक आहे, पण हा चेक होतो किती वेळाने? डिफॉल्ट ३०० सेकंद! पाच मिनिटं क्लायंटला काय सांगायचं? लिनक्सच्या काही डिस्ट्रोंमध्ये (आवृत्त्यांमध्ये) तर तो चालूच नसतो, वेगळं पॅकेज टाकावं लागतं. आणि एवढं करून रस्ता बदलला तरी चालू असलेलं डाउनलोड तुटणारच, कारण ते जुन्या आयपीला, म्हणजे जुन्या लाइनवरच्या पत्त्याला, बांधलेलं.

दोन्ही लाइन धड चालू असतात तेव्हा तरी सुख आहे का? नाही. बॅकअप अपलोडला लागला की फायबर तुंबते आणि कॉलवर आवाज तुटायला लागतो. म्हणून मला एवढंच पाहिजे की बॅकअप फायबरवर जाऊ दे आणि मीटिंग फाइव्हजीवर. साधी मागणी आहे ना? पण राउटिंग टेबल, म्हणजे रस्त्यांची यादी, फक्त डेटाचं पॅकेट कुठे जायचंय ते बघतो, कुठल्या ॲपचं आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. वेगळे टेबल आणि नियम लावायची सोय लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, २.२ पासून म्हणजे १९९९ पासून आहे, आणि इतक्या वर्षांत कुणाला सेटिंग्जमध्ये एक ड्रॉपडाउन द्यावासा वाटला नाही की बाबा हे ॲप या लाइनवर!

मग बसा टर्मिनलमध्ये. आधी कळतं की दोन्ही राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ च आहे, दोन्ही कंपन्यांनी तोच ठेवलेला, म्हणजे एकाचं नेटवर्क बदला. मग मीटिंगच्या पॅकेटना मार्क (ओळखीची खूण) लावा, मार्कवाल्यांसाठी वेगळा टेबल करा, त्यात फाइव्हजीचा डिफॉल्ट रूट (बाहेर जायचा नेहमीचा रस्ता) टाका. पॅकेट वायफायमधून बाहेर पडतं, पण त्यावर सोर्स ॲड्रेस (पाठवणाऱ्याचा पत्ता) मात्र फायबरचा, कारण तो आधीच ठरलेला असतो, मार्क नंतर लागतो. म्हणून वर मास्करेड करा, म्हणजे बाहेर पडताना तो पत्ता वायफायचा करून टाका. एवढं सगळं करून टीसीपीडंप, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं टूल, लावला तर उत्तर परत आलेलं डोळ्यांना दिसतंय, वायफायवर, अगदी बरोबर, पण ॲपपर्यंत पोचतच नाही! का, तर आरपी फिल्टर, कर्नलमधला उलटा रस्ता तपासणारा पहारेकरी. तो म्हणतो या पत्त्याकडे जायचा माझा रस्ता फायबरवरून आहे, मग हे पॅकेट वायफायवरून आलंच कसं, टाकून द्या. एका शब्दाने कळवत नाही, लॉगिंग वेगळं चालू केल्याशिवाय काही दिसत नाही. वायफायसाठी तो ० केला तरी बंद होत नाही, कारण 'ऑल'ला, म्हणजे सगळ्या जोडण्यांच्या सामाईक सेटिंगला, १ असेल तर दोघांतला मोठा आकडा लागू होतो. ही कुठली पद्धत? यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. आणि हाताने टाकलेले हे सगळे नियम रीबूट केला की गायब.

वर सल्ले देणारे आहेतच. कस्टमर केअरला फोन केला की 'सर, राउटर रीस्टार्ट करून बघा'. अहो चौकात खड्डा खणलाय, राउटर काय करणार त्याला! दुकानदार म्हणे दोन कनेक्शन घेतली ना, मग स्पीड डबल. नाही हो होत डबल! दोन गेटवेंवर (म्हणजे दोन राउटरवर) ट्रॅफिक वाटलं तरी एक कनेक्शन एकाच लाइनवरून जातं, एका फाइलच्या साध्या डाउनलोडला काडीचा फायदा नाही, आणि हे न सांगता लोकांना दुसरा प्लॅन विकतात ते मला अजिबात पटत नाही. तिसरा म्हणतो दोन लाइनवाला राउटर विकत घे. का घेऊ? लॅपटॉपमध्ये केबलचा पोर्ट आहे, वायफाय आहे, कर्नलला सगळं जमतं, फक्त माझ्यासारख्या पैसे भरणाऱ्या माणसाला ते सरळ वापरता येईल असं कुणी करून ठेवलेलं नाही. निदान तो ३०० सेकंदांचा आकडा तरी सेटिंग्जमध्ये बदलता येऊ द्या, आत्ता त्यासाठीसुद्धा रूट (ॲडमिन) होऊन कॉन्फिग फाइल उघडावी लागते.