मेडिकल असिस्टंटचा कोर्स आणि आरएन (रजिस्टर्ड नर्स, म्हणजे नोंदणीकृत नर्स) : माझ्याच मेसेजचा खुलासा

"अमेरिकेत नऊ महिन्यांचा मेडिकल असिस्टंटचा कोर्स करा, दोन वर्षं नोकरी करा, की आपोआप आरएन!" हा मेसेज इथल्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. दिवाळीत तो मीही पुढे पाठवला होता. चूक माझीच, नीट वाचला नव्हता.

आरएन व्हायला राज्याच्या नर्सिंग बोर्डाने मान्य केलेलं शिक्षण आणि एनक्लेक्स-आरएन ही नर्सच्या परवान्याची परीक्षा, दोन्ही लागतात. असिस्टंट म्हणून दहा वर्षं काढली तरी ते टळत नाही. मी एका दवाखान्यात फ्रंट डेस्कला आहे. आमच्याकडची असिस्टंट बीपी घेते, ईसीजी काढते. काम चांगलंच आहे, पण ते नर्सचं नव्हे.

मेडिकल असिस्टंटला 'सरकारी लायसन्स मिळतं' असं त्याच मेसेजमध्ये होतं, तेही सरसकट खरं नाही. बहुतेक राज्यांत असं लायसन्सच नसतं. वॉशिंग्टन राज्याचे नियम वेगळे आहेत. सीएमए (सर्टिफाइड मेडिकल असिस्टंट) हे प्रमाणपत्र सरकार नव्हे, व्यावसायिक संघटना देते. फी भरण्याआधी कोर्सला काहेप किंवा अबेस या कोर्स तपासणाऱ्या संस्थांची मान्यता आहे का, ते विचारा.

माझा मेसेज मी काढलाय. तुमच्याकडे आला असेल तर कृपया पुढे पाठवू नका.