शेजारच्या बागेतले कंद फुकट पडणार नाहीत

‘टिश्यू कल्चरची केळी जीएम असते, बाटलीतलं हार्मोन फळात उतरतं, सीएमव्ही या रोपांनीच आणला, म्हणून शेजारच्या बागेतले कंद फुकट आणा आणि लावा.’ जळगावच्या रावेर-यावलकडे फिरणारा हा मेसेज वाचून आमचे चुलते मृगबागेच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावायच्या, केळीच्या रोपांचं बुकिंग रद्द करायला निघालेत. म्हणून हे लिहितोय.

जीएम, म्हणजे जनुक बदललेली? अजिबात नाही. मुनव्याच्या (केळीच्या बुडाशी फुटणाऱ्या पिलाच्या) पोटातला कोंब काढून त्याचीच रोपं बाटलीत वाढवतात, जनुकाला कोणी हात लावत नाही. आपल्या देशात शेतकऱ्याच्या हाती आलेलं जीएम पीक एकच, बीटी कापूस.

हार्मोन म्हणाल तर बाटलीतल्या माध्यमात ‘बीएपी’ हे कोंब फुटवणारं हार्मोन लिटरला काही मिलिग्रॅम असतं. मुळांना चिकटलेली ‘अगर’ नावाची जेली धुऊन रोप ट्रेमध्ये जातं, मग पिशवीत, मग वर्षभर शेतात. त्या गटातली द्रव्यं शहाळ्याच्या पाण्यातही असतात.

आता सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू; त्याच्या रोगाला आपण हरण्या म्हणतो. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. मातृझाडच रोगी असेल तर त्याच्या एका कोंबापासून शेकडो रोगी रोपं तयार होतात; बाटलीत गेल्याने विषाणू आपोआप मरत नाही. म्हणूनच केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून टिश्यू रोपांसाठी प्रमाणीकरण सुरू केलं. त्यात मातृझाडाची आणि रोपांच्या बॅचची विषाणू तपासणी होते. रोपवाटिकेकडे तो दाखला मागा. दाखवायला टाळाटाळ केली तर रोपं घेऊ नका.

पण हरण्या रोग टिश्यूने आणला हे खोटं आहे. हे नाव जुन्या बागायतदारांच्या तोंडी ही रोपं यायच्या आधीपासून आहे. रोग पसरवतो मावा. काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो किंवा तणावरून उठून तो कोवळ्या पानात सोंड खुपसतो आणि काही सेकंदांत विषाणू सोडतो. फवारणीने मावा मरेपर्यंत झाडाला रोग लागलेला असतो. म्हणून केळीत काकडीवर्गीय आंतरपीक नको आणि बांध तणमुक्त हवा.

आणि सगळ्यात घातक तो ‘फुकट कंद’. कंदासोबत सूत्रकृमी येतात, कंद पोखरणारा सोंड्या येतो, पर्णगुच्छ (बंची टॉप) रोगाचा आणि हरण्याचा विषाणूही येतो. कंद चिरून बघा: आत तपकिरी बोगदे दिसले तर सोंड्याची अळी आहे. विषाणू मात्र चिरून दिसत नाही, आणि शेजाऱ्याच्या कंदाची तपासणी कोणी केलेली नसते. शिवाय लहान-मोठे कंद एकत्र लावले की बाग एकदम निसवत नाही, घड मागेपुढे येतात आणि कापणी लांबते.

टिश्यू रोपांची खरी तक्रार वेगळीच आहे. बाटलीत हवा दमट असते, त्यामुळे पानावरचा मेणाचा थर पातळ राहतो. हार्डनिंग, म्हणजे रोपाला हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावणं, अर्धवट ठेवून रोपं विकली तर खान्देशच्या उन्हात ती करपतात. घेताना एक पिशवी फाडून बघा. मुळं पांढरी आणि मातीला धरून असावीत, पानं पाच-सहा, उंची फूटभर.

लागवडीनंतर पहिले तीन महिने दर आठवड्याला ओळीने फिरा. पानावर पिवळे पट्टे, वेड्यावाकड्या कडा किंवा सडका पोंगा (मधलं गुंडाळलेलं कोवळं पान) दिसला की आधी मावा मारा, मग झाड कंदासकट काढा. काढलेलं झाड बांधावर टाकू नका, खोल खड्ड्यात पुरा.