‘गरिबाच्या पोरांना फुकटचा माल’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, तुमची प्रतिक्रिया झोंबली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : जिल्हा परिषदेच्या शाळेत लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) बसवणं म्हणजे गरिबाच्या पोरांच्या गळ्यात दुय्यम माल बांधणं. सोलापूर शहरातली मुलं विंडोज आणि एक्सेल शिकतात, नोकरीतही तेच विचारतात. आणि बिघाड झाला तर खेड्यात येणार कोण?

दुय्यम माल कुठला, ते आधी बघू. मी पाहिलेल्या बऱ्याच लॅबमध्ये विंडोज दुकानदाराने लायसन्सशिवायच ‘टाकून दिलेलं’ असतं. कोपऱ्यात ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’, अँटिव्हायरस कधीच संपलेला. गुरुजींनी पेनड्राइव्ह लावला की सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट! विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये थांबला, १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये. ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी. देणगीत आलेल्या जुन्या पीसीत ते कुठून आणणार? त्याच पीसीवर हलकं लिनक्स बरं चालतं, तेही राजरोस.

नोकरीचं म्हणाल, तर मुलांना लिबरऑफिस कॅल्कमध्ये (एक्सेलसारखाच मोफत प्रोग्राम) पोषण आहाराच्या तांदळाचा हिशोब करायला द्या. पाचवीपर्यंत रोज माणशी १०० ग्रॅम, सहावी ते आठवी १५०. हे प्रमाण एका सेलमध्ये ठेवायचं, हजेरीने गुणायचं आणि सूत्र खाली ओढायचं. पहिली ओळ बरोबर येते, खाली सगळी शून्यं! कारण सूत्राबरोबर प्रमाणाचा सेलही खाली सरकलेला असतो. तो जागच्या जागी धरून ठेवायला तिथे डॉलरचं चिन्ह लावतात, हे पोरांना एकदा उमगलं, की एक्सेलमध्येही ते तसंच लावायचं. केरळात २००१ साली ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ सुरू झालं, पुढे तिथल्या सरकारी शाळा लिनक्सवर गेल्या. दहावीची आयटीची प्रात्यक्षिक परीक्षाही त्यावरच होते.

अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडच्या कन्नड शाळांसाठी तर आणखी सोय : लिबरऑफिसचे मेनू कन्नडमध्येही करता येतात, मराठीत तर येतातच.

एक मुद्दा मात्र तुमचा शंभर टक्के खरा. तालुक्याहून मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) घातलेली एक्सेल शीट आली की कॅल्क बऱ्याचदा हात वर करतं. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधली पत्रं, तो फॉन्ट नसेल तर, भलतीच अक्षरं दाखवतात. म्हणून कार्यालयातला एक पीसी विंडोजवर ठेवा, रीतसर लायसन्स घेऊन. माझा आग्रह मुलांच्या लॅबपुरता आहे.

दुरुस्तीचं काय? पीसी नुसताच बीप-बीप करतो, रॅम काढून तिची सोनेरी पट्टी खोडरबरने घासली की बरेचदा सुरू होतो. आपल्याकडची धूळ! तारीख मागच्या कुठल्यातरी सालात गेली आणि वेबसाइट उघडेनात, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदला. हे आजार विंडोजवरही तेच, औषधही तेच.

तरी एकदम काही पुसू नका. लिनक्स आधी पेनड्राइव्हवरूनच ‘लाइव्ह’, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघा, हार्ड डिस्कला हात लागत नाही. वायफाय आणि प्रिंटर आधी तपासा. काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर रुसून बसतात. तुमचा बसला तर मॉडेल कळवा, बघतो काय करता येतं ते.