अर्नाळ्याचं नाव, विशाखापट्टणमचं बंदर

"आपल्या अर्नाळ्याच्या प्रेमापोटी कुणी ते नाव ठेवलेलं नाही. 'अ'ने सुरू होणारी बेटं शोधली आणि बोटीवर पाटी लावली. उगाच छाती फुगवू नका," नितीन एवढं बोलला आणि आगाशीच्या आमच्या कट्ट्यावर एकदम चार आवाज चढले.

विषय होता आयएनएस अर्नाळा, विरारजवळच्या आमच्या अर्नाळा बेटाचं नाव असलेली युद्धनौका. 18 जून 2025 ला ती विशाखापट्टणमच्या गोदीत नौदलात दाखल झाली, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांनी तिचे फोटो फिरवले होते. त्यावर कुणीतरी 'आपली बोट' असं लिहिलं होतं. त्या 'आपली'वर नितीनचा दात आहे, तो तेव्हापासून. बँकेत नोकरी, त्यामुळे कागद दाखवा म्हणायची सवय.

त्याने यादीच म्हणून दाखवली. अर्नाळा, आंद्रोत, अंजदीप, अमिनी. "आंद्रोत आणि अमिनी लक्षद्वीपला, अंजदीप कारवारसमोर. यांचा आणि आपला संबंध काय? शाळेत हजेरी घेतात तशी नावं आहेत ही. आणि बांधली कुठे? कोलकात्याच्या गार्डन रीच कंपनीची बोट, प्रत्यक्षात तयार झाली चेन्नईजवळ कट्टुपल्लीला. नेमणूक पूर्व किनाऱ्यावर. वैतरणेचं पाणी तिच्या बुडाला लागलंय का कधी?"

दत्ताकाका नौदलातून इलेक्ट्रिकल शाखेतून निवृत्त झालेत. ते सहसा शेवटी बोलतात, पण हजेरीची उपमा त्यांना झोंबली. "अरे, ही नावं आजची नाहीत. रशियाकडून 'पेट्या' नावाच्या जातीच्या युद्धनौका घेतल्या तेव्हापासूनची आहेत. सगळ्यांना बेटांची नावं दिली होती. कामोर्टा, कदमत, किल्तान, कच्छल. 4 डिसेंबर 71 च्या रात्री कराचीवर क्षेपणास्त्र बोटी गेल्या, त्यांच्या सोबतीला कोण होतं? किल्तान आणि कच्छल. आपली पहिली अर्नाळा 72 साली आली, म्हणून तिची ती रात्र हुकली. 99 ला ती निवृत्त झाली. नौदलात बोट मोडीत जाते, नाव नाही जात. ते राखून ठेवतात आणि पुढच्या बोटीला देतात. सव्वीस वर्षं हे नाव राखून ठेवलं होतं, कळलं का?"

"पण काका, पहिल्या वेळी का दिलं, हा माझा प्रश्न आहे."

"बेट आहे म्हणून दिलं."

"मग झालं तर. मी तेच म्हणतोय."

इथे काका थोडे अडकले, हे मान्य केलं पाहिजे. नितीनचं वकिली डोकं असतं ते असं. पण तेवढ्यात सुजाताबाई आल्या. त्या शाळेत इतिहास शिकवतात, भाजीची पिशवी घेऊन घरी निघालेल्या असतात आणि अर्धा तास इथेच उभ्या राहतात. बसत मात्र नाहीत, बसलं की उशीर होतो म्हणे.

"बेट आहे म्हणून दिलं, बरोबर," बाई म्हणाल्या. "पण ते कसलं बेट आहे ते तरी बघ. वैतरणेच्या मुखात, मागे आगाशी, खाली वसई. ज्याच्या हातात अर्नाळा त्याच्या हातात खाडीची किल्ली. म्हणून तर गुजरातच्या सुलतानापासून प्रत्येकाला ते हवं होतं. 1737 ला मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून बेट घेतलं आणि लगेच बाजीरावाच्या आज्ञेने किल्ला नव्याने उभा केला. वसई पडायला अजून दोन वर्षं होती. म्हणजे बघ, मोठा वाडा घ्यायच्या आधी त्याची परसदाराची कडी हातात घेतली."

किल्ल्यातला शिलालेख आमच्यापैकी प्रत्येकाने पाहिलाय, वाचलाय फक्त बाईंनी. देवनागरीत कोरलेला, श्लोकासारखा. त्याचा भाव असा, की बाजीराव शंकराला आज्ञा देतो, पाश्चात्यांना मारून समुद्राच्या पोटात त्वरेने जंजिरा, म्हणजे पाण्यातला किल्ला, बांध. शंकर म्हणजे शंकराजीपंत. 'त्वरेने' या शब्दावर बाई दरवेळी थांबतात, कारण सरकारी कामाच्या कोनशिलेवर घाई दिसते ती तेवढीच, असं त्यांचं म्हणणं.

फ्रान्सिस गप्प होता. तो लगेच म्हणाला, "पाश्चात्य म्हणजे आम्ही का, बाई?"

सगळे हसले. वसईत हा विनोद जुना आहे आणि फ्रान्सिस तो स्वतःच करतो, दुसऱ्याला करू देत नाही. मग तो खरं बोलला. "पोर्तुगीजांनी ही आगाशी 1530 च्या सुमारास जाळली होती. का जाळली? इथे गलबतं बांधत होते म्हणून. भात लावणारी आमची घरं तेव्हाही इथेच होती, पाद्री नंतर आले. तेव्हा नौदलाचा वारसा फक्त किल्ल्याचा सांगू नका. लाकूड तासणारे, खिळे ठोकणारे, शिडं शिवणारे इथलेच होते. त्यांचा शिलालेख कुठाय?"

मला वाटतं संध्याकाळभरात बोललेलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे होतं. पण कट्ट्यावर महत्त्वाचं वाक्य आलं की कुणीतरी चहा मागवतो, तसंच झालं.

नितीन चहाच्या आधी आणखी एक सुई टोचून गेला. "आणि तो किल्ला राखला किती दिवस? 1780 च्या डिसेंबरात इंग्रजांच्या गॉडर्डने वसई घेतली, महिन्याभरात अर्नाळाही गेला."

"सालबाईच्या तहात परत आला की," बाई म्हणाल्या.

"तहात आला. लढून नाही."

"तुझं घर कर्जाने आलंय, म्हणून ते तुझं नाही का?" हे काका. कर्जावर बोललेलं नितीनला चालत नाही. दोन मिनिटं तो चहाच बघत बसला.

खरी गंमत सुरू झाली ती किशोर आल्यावर. किशोर अर्नाळ्याचा, कोळीवाड्यातला, स्वतःची बोट आहे. त्याला शिलालेखात रस नाही, त्याला बोटीत रस आहे. "काका, ती पाणबुडी पकडायची बोट आहे ना? मग एवढी छोटी कशी?"

काकांचा चेहरा उजळला. त्यांना हेच हवं होतं. बोट सुमारे 77 मीटर लांब, वजन दीड हजार टनांच्या आतबाहेर. मोठ्या विनाशिकेपुढे पोरच. पण ती मुद्दाम तशी बनवली आहे, ते समजावून सांगू लागले. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात मोठ्या बोटीला फिरणं अवघड. आणि पाणबुडी शोधायची म्हणजे आवाजाने शोधायची. खोल समुद्रात आवाज मोकळा धावतो. उथळ पाण्यात तो तळावर आपटतो, वर पृष्ठभागावर आपटतो, पुन्हा खाली येतो, सगळा गोंधळ. त्यात भरतीचा जोर, गढूळपणा, वरचं पाणी गरम आणि खालचं थंड. गरम-थंड पाण्याच्या पडद्याखाली पाणबुडी दबा धरून बसली तर वरून पाठवलेला आवाज तिच्यापर्यंत नीट पोचतच नाही. म्हणून या बोटीवर बुडाला सोनार, म्हणजे आवाजाने पाण्याखालचं शोधणारं यंत्र, असतंच, शिवाय दुसरं सोनार केबलने खाली सोडता येतं, हव्या त्या खोलीला. पडद्याच्या खाली कान नेऊन ऐकायचं.

"आणि आमच्या ट्रॉलरांचे आवाज?" किशोरने विचारलं.

"तेच तर. सगळ्यात मोठी डोकेदुखी तुम्हीच. शंभर इंजिनं एका वेळी फटफटत असतात, त्यातून एक बारीक आवाज वेगळा काढायचा."

किशोरला हा बहुमान वाटला. मग त्याने पंख्याचं विचारलं. आमच्याकडे प्रोपेलरला पंखाच म्हणतात. एखाद्या बोटीच्या पंख्यात जाळं किंवा दोर गुंडाळला गेला की इंजिन बंद करून माणूस दातात सुरी धरून पाण्यात उतरतो, हे किशोरने स्वतः केलंय. या बोटीला बाहेर पंखाच नाही, हे ऐकून तो उठून उभा राहिला. बुडातून पाणी ओढून घ्यायचं आणि मागून जोरात फेकायचं, त्या धक्क्याने पुढे जायचं. डिझेल इंजिन आणि वॉटरजेट अशा जोडीवर चालणारी आपल्याकडची ही सगळ्यात मोठी युद्धनौका. बाहेर लोंबणारं काही नाही, म्हणून कमी पाण्यातही शिरते.

"मग ही आपलीच," किशोर म्हणाला. "उथळ पाण्यात शिरणारी बोट आपल्याकडेच लागते. विशाखापट्टणमला काय करताय?"

आणि इथे, कुणी ठरवलं नसताना, नितीनच्या यादीला उत्तर मिळालं होतं. किल्ल्याचं कामही तेच होतं. मोठी जहाजं बाहेर खोल पाण्यात, खाडीच्या तोंडाशी उथळ पाण्यात पहारा बेटाचा. नाव देणाऱ्याच्या मनात हे होतं की नाही, मला माहीत नाही आणि तसं पाहिलं तर गरजही नाही. पोराचं नाव पत्रिकेतलं अक्षर बघून ठेवतात, तरी ते त्याला शोभू शकतं. मी हे बोललो तर नितीन म्हणाला, "योगायोगाला वारसा म्हणतात होय?" मी म्हटलं, "चांगला योगायोग असेल तर म्हणायला हरकत नाही." त्यावर तो काही बोलला नाही. त्याला पटलं असं मात्र समजू नका, त्याच्या तोंडात खारी होती.

मग बोधचिन्हावरून जुंपली. निळ्या पार्श्वभूमीवर एक टोकदार, पीळदार शंख आणि खाली 'अर्णवे शौर्यम्'. बाईंना ते पसंत नाही. किल्ल्याबाहेर तो एकटा गोल बुरूज उभा आहे, लांबून बघताना आधी तोच दिसतो, तो का नाही घेतला? किंवा दरवाज्यावरचे हत्ती आणि सिंह? शंख काय कुठल्याही किनाऱ्यावर सापडतो.

"म्हणूनच चांगला आहे," किशोर म्हणाला. "बुरूज पेशव्यांचा. शंख आमचा. पोरं पुळणीवर गोळा करतात."

फ्रान्सिसने त्याच्या पाठीवर थाप मारली. बाई म्हणाल्या, हा मुद्दा उद्या वर्गात घेते, आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली. म्हणजे अजून दहा मिनिटं.

काकांनी मग सुरतेचं काढलं. आयएनएस सुरत माझगाव गोदीत बांधली. ती नौदलात आली जानेवारी 2025 मध्ये, पण तिच्या बोधचिन्हाचं अनावरण त्याआधीच, नोव्हेंबर 2023 मध्ये, सुरत शहरात झालं, मुख्यमंत्र्यांच्या हस्ते. "शहराला वाटलं पाहिजे ना की बोट आपली आहे. नुसतं नाव लिहून नाही होत ते. आणि मालवणच्या नावाचीही बोट आहे याच कामाची, कोचीनला बांधलेली. 30 नोव्हेंबर 2023 ला पाण्यात सोडली. त्यांनी काही केलं तर आपण मागे राहू."

"सुरत महानगर आहे काका. आपण विरार पश्चिमेचे बसस्टॉप," नितीन.

"तुला अर्नाळ्याची बाजू घ्यायचीय की नाही, एकदा ठरव," फ्रान्सिस म्हणाला. "मघापासून बोट आपली नाही म्हणतोयस, आता आपल्याला कुणी विचारत नाही म्हणून रडतोयस."

नितीन हसला. खरं तर त्याचा राग तोच असावा. बोट आपली आहे असं आपण म्हणतो, बोटीवरच्या खलाशाला अर्नाळा कुठे आहे ते कुणी सांगितलंय का? आणि अर्नाळ्याला उतरलेल्या पर्यटकाला या नावाची युद्धनौका आहे हे कुठे कळतं? होडीसाठी रांगेत उभं असताना मी तरी तसा फलक पाहिलेला नाही. भेळेचे पाहिलेत.

ठरलं असं, की एक पत्र लिहायचं. होडीच्या धक्क्याजवळ बोधचिन्हाची प्रतिकृती बसवावी, शेजारी चार ओळींत किल्ल्याची आणि दोन्ही बोटींची माहिती, आणि नौदलाने कधीतरी त्या बोटीवरच्या चार जणांना किल्ला बघायला पाठवावं. मसुदा बाई लिहिणार. फ्रान्सिसची अट, की गलबतं बांधणाऱ्यांचं नाव आधी हवं, 1530 चं वर्ष मागाहून.

किशोरने पत्रात आणखी एक कलम मागितलं. बेटावर समुद्र किनारा खातोय, दर पावसाळ्यात थोडा थोडा. धूपप्रतिबंधक बंधारा नीट करा, हेही लिहा.

"ते नौदलाचं काम नाही," काका म्हणाले.

"काका, बेटच राहिलं नाही तर बोटीला नाव कशाचं?"

"त्याचं पत्र वेगळं. वेगळ्या खात्याला."

"दोन पत्रं गेली की दुसरं पोचत नाही. एकातच घाला."

यावर नितीन पहिल्यांदा किशोरच्या बाजूने बोलला. बाई म्हणाल्या, एकाच पत्रात दोन मागण्या घातल्या की सोपी तेवढी पुरी करतात आणि फोटो काढतात. काका म्हणाले, मग सोपीच आधी होऊ दे. किशोर म्हणाला, होऊ देणार नाही. टपरीवाल्याने फळी खाली ओढली तरी यातलं काही ठरलं नव्हतं, पत्र कुणाच्या सहीने जाणार हेसुद्धा नाही.