खासदारांच्या ‘सहली’ आणि ४१ वर्षं रखडलेला एक करार

आज एका संसदीय शिष्टमंडळाचा फोटो फिरतोय आणि खाली सगळ्यांची एकच कॉमेंट: ‘आमच्या पैशावर सहल’. डोकंच फिरलं. खासदारांचा परराष्ट्र धोरणाशी काय संबंध, असं विचारणाऱ्यांनी आधी छिटमहालांची, म्हणजे एका देशाच्या जमिनीनं वेढलेल्या दुसऱ्या देशाच्या तुकड्यांची, गोष्ट वाचावी.

भारताच्या जमिनीचे १११ तुकडे बांगलादेशात होते आणि त्यांचे ५१ आपल्याकडे. दहाला खागराबारी हा तर भारताचा असा तुकडा, जो बांगलादेशाच्या तुकड्यात होता, तो तुकडा भारताच्या तुकड्यात आणि तो पुन्हा बांगलादेशात! जेमतेम पावणेदोन एकरांचं तागाचं शेत. इंदिरा गांधी आणि शेख मुजीब यांनी १९७४ साली सीमा करार केला, बांगलादेशाच्या संसदेनं त्याच वर्षी तो मंजूरही केला. आपण कधी केला? २०१५ मध्ये. भूभाग सोडायचा तर घटनादुरुस्ती लागते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६० मध्येच बेरुबारी या सीमाभागाच्या प्रकरणात सांगून ठेवलं होतं. म्हणजे पंतप्रधानांची सही झाली तरी किल्ली खासदारांच्याच हातात.

आता त्या ‘सहली’बद्दल. आंतरसंसदीय संघात (आयपीयू), म्हणजे जगभरातल्या संसदांच्या संघटनेत, मतं लोकसंख्येवर ठरतात. प्रत्येक संसदेला किमान १०, आपल्यासारख्या मोठ्या देशाला २३. पण एका प्रतिनिधीला १०पेक्षा जास्त मतं टाकता येत नाहीत. म्हणजे २३ मतं पूर्ण पडायला किमान तिघं जागेवर हवेत. तिथे चर्चेला तातडीचा विषय घ्यायचा तर दोन तृतीयांश बहुमत लागतं, तिथे अशी दहा-बारा मतं निर्णायक ठरू शकतात. ठरावाचा मसुदा ठरतो तो छोट्या समितीत, एकेका शब्दावर वाद घालत. जो देश त्या खोलीत नसतो, त्याला तयार मजकुरावर फक्त हो किंवा नाही म्हणता येतं. शिवाय राजदूत सरकारचाच माणूस. खासदार दुसऱ्या देशातल्या विरोधी पक्षाशी मोकळेपणानं बोलू शकतो, आणि तोच पक्ष उद्या सत्तेत येतो. १९९४ मध्ये जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगापुढे भारताची बाजू मांडायला पंतप्रधान नरसिंह रावांनी विरोधी पक्षनेते वाजपेयींना पाठवलं, ते उगाच नाही.

काही दौरे खरंच नुसते फिरण्याचे असतात. मान्य.

पण माझा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. छिटमहालांसाठी संसदेला विचारावं लागलं ते केवळ जमिनीचा प्रश्न होता म्हणून. बाकीच्या करारांचं काय? करार करणं हा केंद्राचा अधिकार. राज्यघटनेचं कलम २५३ संसदेला कायदा करू देतं, तोही अंमलबजावणीसाठी. सहीआधी संसदेची संमती घ्या, असं कुठेच लिहिलेलं नाही. अमेरिकेत ‘ट्रीटी’ म्हणून केलेल्या कराराला सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात. ब्रिटनमध्ये मंजुरीआधी बहुतेक करार कामकाजाचे २१ दिवस संसदेपुढे ठेवावे लागतात. युरोपीय संसदेनं २०१२ मध्ये ‘अ‍ॅक्टा’ हा बनावट मालाविरोधातला आंतरराष्ट्रीय करार ४७८ विरुद्ध ३९ मतांनी चक्क फेटाळला. आणि आपले खासदार? व्यापार करारात कोणत्या मालावरचं आयात शुल्क किती कमी झालं, हे सही झाल्यावर वाचतात! ज्यांच्या मतदारसंघातला शेतकरी त्यात भरडला जाणार, त्यांनाच पत्ता नाही.

वाटाघाटी चव्हाट्यावर होत नाहीत, हेही खरं. पण परराष्ट्र व्यवहार स्थायी समितीच्या बैठका बंद दाराआडच होतात ना? सीमा कराराचं विधेयक डिसेंबर २०१३ मध्ये मांडलं, समितीनं तपासलं, डिसेंबर २०१४ मध्ये अहवाल दिला की ते विनाविलंब मंजूर करा. मे २०१५ मध्ये दोन्ही सभागृहांत एकही विरोधी मत पडलं नाही. ३१ जुलैच्या मध्यरात्री तुकड्यांची अदलाबदल झाली आणि पुढच्या वर्षी तिथल्या माणसांनी पहिल्यांदा विधानसभेसाठी मतदान केलं. सगळ्या पक्षांच्या माणसांनी एका टेबलावर बसून कागद नीट वाचले की असंही होतं. हे आठवलं की राग जरा निवतो.

त्या समितीत ३१ सदस्य असतात, मुदत एकच वर्षाची. विषय कळायला लागेपर्यंत नव्यानं नेमणुका होतात. मुदत निदान दोन वर्षांची करा. प्रत्येक व्यापार कराराचा मसुदा सहीआधी या समितीपुढे ठेवा, हवं तर गोपनीय. आणि दौऱ्यावरून आलेल्या प्रत्येक शिष्टमंडळानं कुणाला भेटलो, काय मागितलं, काय मिळालं, याचा अहवाल महिन्याभरात सभागृहात ठेवावा.