गंज काढायला मीठ आणि स्टेनलेसचा चमचा? नको!

‘बादलीभर पाण्यात मीठ टाका, बॅटरी चार्जरच्या धन (+) टोकाला स्टेनलेसचा चमचा, ऋण (−) टोकाला गंजलेला पाना लावून दोन्ही बुडवा, विजेच्या प्रवाहाने पान्याचा गंज झटपट निघतो,’ असा सल्ला सध्या फिरतो आहे. गंज निघतो हे खरं. पण मिठामुळे क्लोरीन वायू सुटू शकतो आणि स्टेनलेसमधलं क्रोमियम पाण्यात उतरून विषारी संयुगं तयार होतात. ते पिवळसर पाणी मोरीत ओतणं तर आणखी वाईट.

मिठाऐवजी धुण्याचा सोडा घ्या, लिटरला साधारण 15 ग्रॅम. धन टोकाला साध्या लोखंडाची सळई, ऋण टोकाला गंजलेली वस्तू. दोन्ही एकमेकांना टेकता कामा नयेत. टोकं उलटी लागली तर सळईऐवजी पानाच झिजतो, आणि ही चूक सर्रास होते! 12 व्होल्ट पुरेत. बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, म्हणून काम उघड्यावर करा. चिमटे लावताना-काढताना चार्जर बंद हवा, ठिणगी नको. कडक पोलादी स्प्रिंगा यात घालू नका, हायड्रोजन शिरून त्या ठिसूळ होतात.

उरलेला काळा थर तारेच्या ब्रशने घासा, वस्तू लगेच कोरडी करून तेल लावा. ओली ठेवलीत तर तासाभरात पुन्हा तांबूस होईल.