‘वकिलांच्याच पोरांना घेतात’ म्हणे!

जळगाव-धुळ्याच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत मुलाखत घेऊन वकील-न्यायाधीशांच्या पोरांनाच निवडतात, बारावीला ९० टक्के लागतात, कलमं तोंडपाठ हवीत. तेव्हा खान्देशातल्या पोरांनी नादी लागू नये. खाली ‘जनहितार्थ’!

मुलाखत? क्लॅट या सामाईक प्रवेश परीक्षेतून पाच वर्षांच्या कायद्याच्या कोर्सला जाताना ती नसतेच. १२० प्रश्न, दोन तास, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. जागा मिळते ती रँक आणि आरक्षणावर. दोघांचे गुण सारखे झाले तर आधी कायदेविषयक विभागाचे गुण बघतात, मग ज्याचं वय जास्त तो पुढे, तरीही बरोबरी राहिली तर कॉम्प्युटरवर चिठ्ठी. वशिला लावायचा कुठे? काही खासगी विद्यापीठं मुलाखत घेतात, ती वेगळी. मेसेजवाल्याने दोन्ही एकाच पोत्यात भरलीत.

बारावीला खुल्या वर्गातून ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० पुरतात. त्यापुढचे टक्के रँकमध्ये धरत नाहीत.

कलमांचं तर उलटंच आहे. नियम उताऱ्यातच दिलेला असतो, तो लावून दाखवायचा. समजा नियम असा: धोकादायक वस्तू आपल्या जागेत साठवली आणि ती बाहेर पडली, तर चूक नसली तरी भरपाई द्यायची. आता रावेरच्या एका शेतकऱ्याची रसायनाची टाकी फुटली आणि शेजारच्याची केळी जळाली. टाकी नवीकोरी होती, निगाही नीट होती. पैसे कोण देणार? बांधावरची भांडणं ऐकत वाढलेल्या पोराला हे कळायला वकील बाप लागत नाही.

अडतं ते दुसरीकडेच, आणि मेसेजमध्ये नेमकं तेच नाही. पेपर फक्त इंग्रजीत. साडेचारशे शब्दांचे उतारे एकामागून एक वाचायचे. मराठी शाळेतल्या पोराची तिथे दमछाक होते. नुसत्या फॉर्मचे खुल्या वर्गाला ४,००० रुपये, पुढची फी तर विचारूच नका. म्हणून राज्याची लॉ सीईटीही द्यावी: पेपर मराठीतही असतो, चुकीला गुण कापत नाहीत, आणि मुंबईचं १८५५ सालचं शासकीय विधी महाविद्यालय त्यातूनच मिळतं.

हे सगळं मेसेज टाकणाऱ्या काकांना पाठवलं. तासाभराने उत्तर आलं, “फॉर्म कधी निघतात भाऊ? नात बारावीला आहे.”